सुबक पट्टी

रफूताईच्या हातचं रफू ओळखायची एकच खूण होती: ते दिसत नसे. कोटाला पडलेलं सिगारेटचं भोक आणा, खिळ्याला अडकून फाटलेली पँट आणा, कसरीने चाळण केलेली लोकरीची शाल आणा. ताई कापड पालथं करी, शिवणीच्या आतल्या दुमडीतून त्याच कापडाचे दोरे ओढून काढी आणि भिंगाखाली एकेक दोरा उभा-आडवा घालत भोक असं बुजवी, की शेवटी कपड्याचा मालकच बोट फिरवत विचारी, "अहो, होतं कुठे ते?" हा प्रश्न ऐकला की ताईचा दिवस सोन्याचा. रफू म्हणजे काही ठिगळ नव्हे, असं ती गिऱ्हाइकाला बजावून सांगे. ठिगळ दिसतं.

तिचा नवरा काचकारखान्यात होता. लांब लोखंडी नळीच्या टोकाला वितळलेल्या काचेचा गोळा घ्यायचा, दुसऱ्या टोकाने फुंकायचं आणि त्याची बरणी, चंबू, दिव्याची हंडी करायची. सगळा कारखाना त्याला फुंकर म्हणे आणि हळूहळू सासरी-माहेरीही तेच नाव पडलं. माणूस बोलघेवडा, गालांनी दणकट आणि स्वतःच्या कामाचा भलता गर्व असलेला. ऐन उमेदीत एकदा काचेचा तापलेला थेंब त्याच्या बुटाच्या वरून आत गेला होता आणि उजव्या नडगीवर तळहाताएवढा व्रण ठेवून गेला होता. तो व्रण गुळगुळीत, ताणलेला, कधी न दुखणारा. "मेलेली कातडी ती. तिला कसला त्रास होतोय," असं फुंकर म्हणायचा आणि इतकी वर्षं ते खरंही होतं.

मग गेल्या वर्षी त्या व्रणाच्या काठाला एक चीर पडली. भट्टीची धग लागली असेल म्हणून मलम लावलं. चीर बुजली नाही. तिची जखम झाली, जखमेला पाणी सुटू लागलं. फुंकर डॉक्टरकडे जायला राजी नव्हता आणि खरं सांगायचं तर ताईनेही फारसा आग्रह धरला नाही. कारण भोक बुजवणं हे तिचंच काम नव्हे का? ती जुनं मऊ कापड उकळून वाळवी, कोमट पाण्याने जखम पुसून घेई, जखमेच्या आकाराबरहुकूम घडी कापी, तिचे काठ आत दुमडी आणि वरून पट्टी अशी बांधी की एक सुरकुती पडायची नाही. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. त्या पायाला तिने तळहाताच्या फोडासारखं जपलं. जखम बरी होईना आणि ताई थकेना, असं दोघींचं चाललं होतं.

अशात कारखान्यातल्या कामगारांची वार्षिक डॉक्टरी तपासणी आली. फुंकर धास्तावला. जखम दिसली तर भट्टीवरून काढून पॅकिंगला टाकतील, भुशात बरण्या ठेवत बसावं लागेल. दुसऱ्याने फुंकलेल्या बरण्या! ताईने त्याला धीर दिला. तिने एक तलम पट्टी घेतली आणि चहाच्या पाण्यात बुडवून रंगवली. जुन्या कपड्याला नवा दोरा जुळवायचा असला की ती हेच करी. पट्टी वाळवली, त्याच्या पायाशी धरून पाहिली, पुन्हा बुडवली. रंग असा जुळला की पाय आणि पट्टी यांची हद्द शोधावी लागे. कारखान्याच्या डॉक्टरांनी पँट वर करायला सांगितली, पट्टी पाहिली आणि म्हणाले, "वा! बांधली कुणी? आमच्या नर्सना शिकवायला पाठवा त्यांना." आणि इतकी सुबक पट्टी मोडायचं त्यांच्याही जिवावर आलं असावं. त्यांनी ती सोडलीच नाही.

फुंकरने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. पुढे कितीतरी दिवस ताई येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकांना तो किस्सा रंगवून सांगत होती.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. ताईची धाकटी बहीण शहराच्या दुसऱ्या टोकाला एका प्रयोगशाळेत कामाला होती आणि तिचं काम होतं कातडीच्या कॅन्सरचं. माणसाच्या कातडीतल्या पेशी बशीत वाढवायच्या आणि त्या काय काय उद्योग करतात ते बघायचं. तिला घरी यायला वेळ मिळत नसे. एका सुट्टीच्या दिवशी ती आली, मेहुण्याशी थट्टामस्करी करत बसली आणि एकदम नाक वर करून वास घेऊ लागली. फुंकरने पाय स्टुलावर ठेवला होता.

"भाऊजी, पट्टी सोडा," ती म्हणाली.

"अगं, सकाळीच बांधलीय ताईनं."

"सोडा म्हणते ना."

जखमेचे काठ वर उचलले होते. कडक, खडबडीत, आतून बाहेर वळलेले. धाकटीने बोटाने एकदाच चाचपलं आणि पट्टी परत ठेवली. तिने चहा अर्धा टाकला. दुसऱ्या दिवशी ती स्वतः मेहुण्याला इस्पितळात घेऊन गेली आणि पुढच्या आठवड्यात तपासणीचा निकाल आला. जुन्या भाजल्याच्या व्रणात उठलेला कातडीचा कॅन्सर. हाडापर्यंत गेलेला नव्हता. ऑपरेशन करावं लागणार होतं.

त्या संध्याकाळी तिघं जेवायला बसली. रडारड झाली नाही. फुंकरला रडारडीचा तिटकारा होता. संकट आलं की त्याला आधी त्याची जातकुळी समजून घ्यायची असे. "मला एक सांग," तो धाकटीला म्हणाला, "एवढीशी ती पेशी. तिच्यात एवढी ताकद येते कुठून?"

आता धाकटीचा एक दोष होता. समजावून सांगायला लागली की ती समोर कोण बसलंय ते विसरे.

"ताकद तिची नसतेच हो, भाऊजी. ती एकटी असली तर तिचं फारसं चालत नाही. पण कातडीच्या खालच्या थरात साध्या, सरळमार्गी पेशी असतात. तंतुपेशी. आम्ही फायब्रोब्लास्ट म्हणतो. त्यांचं काम धागे विणायचं, वरच्या कातडीला आधार द्यायचा आणि कुठे जखम झाली की धावत जाऊन भोक बुजवायचं."

"म्हणजे तुझ्या ताईसारखं."

"अगदी ताईसारखं! तर हा लबाड कॅन्सर काय करतो, 'जखम झाली, जखम झाली' म्हणून सारखा ओरडत राहतो. या बिचाऱ्या धावतात. त्याला खाऊपिऊ घालतात. त्याच्याभोवती विणून विणून असा कोट करतात की औषध आत शिरत नाही. शरीराचे पहारेकरी फिरत असतात ना, त्यांना तो दिसतसुद्धा नाही. आणि त्याला पुढे सरकायचं असलं की वाटही याच काढून देतात, तो मागून चालतो. आणि सगळं अगदी मायेनं बरं का!"

"घर फिरलं की वासेही फिरतात," फुंकरने मान डोलावली आणि आणखी थोडा भात मागितला.

ताईने भात वाढला. मग भांडं खाली ठेवून ती आत गेली आणि नळ मोठा सोडून उभी राहिली. खाऊपिऊ घालतात. भोवती विणतात. पहारेकऱ्यांना दिसू देत नाहीत. तिला चहाच्या पाण्यात बुडवलेली ती पट्टी आठवली, ते डॉक्टरांचं 'वा!' आठवलं आणि आपण तो किस्सा किती जणांना हसत हसत सांगितला तेही आठवलं. स्वतःच्या हातांची तिला शिसारी आली. धाकटीने दुसऱ्या कुणाची नव्हे, आपलीच गोष्ट सांगितली, असं तिने मनाला लावून घेतलं आणि कुणापाशी तोंड उघडलं नाही.

त्या दिवसापासून ताईने त्या पायाला हात लावला नाही. "आता इस्पितळातले करतात ना," म्हणाली. फुंकरने तिच्याकडे बघितलं, पण त्याच्या डोक्यात तेव्हा ऑपरेशनच होतं.

ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाई तोडून बोलणाऱ्या होत्या, पण खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. त्यांनी कागदावर पाय काढून दाखवला. "व्रणासकट सगळं काढणार. चांगली कातडी लागेपर्यंत कापत जाणार. मग मांडीवरचा पातळ थर घेऊन इथे लावायचा. आता नीट ऐका. ही कातडी मी लावते म्हणून जगत नाही. खालच्या मांसाने तिला धरलं तर जगते. बोटभर सरकली तरी गेली. गेली तर खाली नडगीचं हाड आहे. ते उघडं राहिलं, तर गुडघ्याखाली पाय ठेवता येईल की नाही, याचं वचन मी देणार नाही."

फुंकर हसून म्हणाला, "बाई, एका पायावर फुंकता येत नाही हो. भट्टीसमोर नाचावं लागतं."

"मग पलंगावर नाचू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

ऑपरेशन छान झालं. काढलेल्या तुकड्याचे काठ स्वच्छ आले, म्हणजे कॅन्सर मागे राहिला नव्हता. धाकटीने ती बातमी आणली तेव्हा ताईच्या जिवात जीव आला. आता प्रश्न उरला तो कातडी धरण्याचा. इस्पितळाच्या पलंगावर पाय उशांवर उंच ठेवलेला, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत गुंडाळलेला. रोज सिस्टर यायची, वरची पट्टी तपासायची, मांडीवरची जखम पुसायची. आणि सिस्टरची पट्ट्यांची ढकलगाडी दारात आली की ताई उठायची आणि बाहेर जाऊन भिंतीशी उभी राहायची.

वर्षभर जी बाई दोन वेळा या पायाशी बसली, ती आता तिकडे बघतसुद्धा नाही, हे फुंकरला दिसत होतं. माणूस बोलघेवडा असला म्हणून मनातलं बोलतोच असं नाही. त्याने सिस्टरला विचारलं, "वास येतो का हो पायाला?" सिस्टर म्हणाली, "छे, काही नाही." त्याला ते खरं वाटलं नाही. किळस आली तिला, त्याने स्वतःशी ठरवून टाकलं. येणारच. किती दिवस करणार एखादी? पण ठरवून टाकलं तरी ते त्याला सोसेना. एके दुपारी सिस्टर पट्टी बघून गेली, ताई अजून बाहेरच होती. फुंकरने दोनदा हाक मारली. बाहेर कुणाची तरी ढकलगाडी खडखडत चालली होती, तिला ऐकू गेलं नाही. तेव्हा हा पठ्ठ्या पलंगावरून उतरला, त्याने पाय टेकला आणि चालायला लागला.

सिस्टर ओरडली तोपर्यंत पट्टी लाल झाली होती. डॉक्टरीणबाईंनी ती उघडली. वरच्या बाजूचा पट्टा तेवढा धरलेला होता. बाकीची कातडी सरकून खाली गोळा झाली होती.

"उठलात कशाला?" डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला.

फुंकर भिंतीकडे बघत म्हणाला, "लघवीला."

"बाटली दिलेली असते. कशासाठी असते ती, फुलं ठेवायला?" मग त्या जरा थांबल्या. "आणखी एकदा लावेन. आधी जागा स्वच्छ होऊ दे, खालचं मांस लाल दिसू दे. पण एकदाच. तिसऱ्यांदा हे होणार नाही."

त्या गेल्यावर सिस्टरने ताईला बाहेर गाठलं. "बाई, मी त्यांना खोटं पाडलं नाही डॉक्टरांसमोर. पण बाथरूम उजवीकडे आहे. ते दाराकडे निघाले होते. तुमच्याकडे."

ताई तिथून निघाली ती तडक धाकटीच्या प्रयोगशाळेत. दारात तिला पायांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवायला लावल्या, अंगात पांढरा कोट घालायला लावला. कोट तिला ढगळ होत होता आणि त्याच्या खिशाजवळ कुणीतरी केलेलं रफू इतकं ओबडधोबड होतं की एरवी तिने तिथल्या तिथे सुई मागितली असती. आज तिने तिकडे बघितलंही नाही.

"ये गं, बस," धाकटी म्हणाली. "काय झालं?"

"जवळ होते तेव्हा मी त्या रोगाला पोसलं," ताई उभ्याउभ्याच म्हणाली. "लांब गेले तर लावलेली कातडी गेली. आता मी करू काय, तेवढं तुझ्या पुस्तकातनं काढून सांग मला."

धाकटीला आधी काही उमगेना. मग जेवणाची ती संध्याकाळ तिला आठवली, 'अगदी ताईसारखं!' आठवलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. शिकलेल्या माणसाची जीभ कधी कधी कात्रीसारखी चालते आणि कापड कुणाचं होतं ते मागाहून कळतं. तिने ताईचा हात धरला, तिला सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं, एक बशी ठेवली आणि चाक फिरवलं.

"बघ. या त्या."

ताईने एक डोळा मिटला. भिंगाची तिला सवय होती. लांबट, निमुळत्या पेशी, शेजारी शेजारी, सगळ्या एका दिशेने पहुडलेल्या.

"हे तर उभे दोरे आहेत," ती म्हणाली.

"मी इथे नवीन लागले ना, तेव्हा मला पहिलं काम शिकवलं ते यांना फेकायचं," धाकटी सांगू लागली. या खेपेला ती थांबत थांबत बोलत होती. "गाठीतल्या पेशी वाढवायला घेतल्या की या आधी वाढून बसतात. म्हणून सगळी लॅब यांना तण समजते. द्रावण घालायचं, या सुटतात, बेसिनमध्ये ओतायच्या. मीही वर्षानुवर्षं ओतल्या. मग एकदा आम्हाला चांगल्या कातडीचा थर बनवायचा होता. खालून या काढून टाकलेल्या. वरची कातडी काही केल्या बसेना. ओल्या कागदासारखी तरंगत राहिली."

"ह्यांच्या पायावर तरंगली तशी."

"तशीच. यांनी धरल्याशिवाय कातडी उभी राहत नाही गं."

"आणि ज्या बिघडलेल्या असतात त्या?"

"त्यांना सरसकट मारून बघितलंय लोकांनी. काही वेळा गाठ उलट मोकाट सुटली. कारण पोसणाऱ्याही याच होत्या आणि कुंपण घालून धरलेलंही यांनीच. म्हणून आता सगळे शोधतायत, यांना परत ताळ्यावर कसं आणायचं."

ताई बराच वेळ भिंगात बघत राहिली. "म्हणजे त्यांना कुणीतरी सांगायला हवं," ती म्हणाली, "की बायांनो, ही जखम नव्हे. हा लबाड ओरडतोय."

"हो. एवढंच तर आहे."

"आणि खरी जखम भरली की 'बास' म्हणून सांगतं का कुणी?"

"चांगल्या कातडीत सांगतं. मग त्या हात आवरतात, गप्प होतात. व्रणात आणि गाठीत ते सांगणं पोचतच नाही. त्यांना वाटतं, अजून भोक आहे."

ताईने डोळा काढला. "एक खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून सांगू नको. मी पट्ट्या बांधल्या म्हणून झालं का हे?"

"नाही. ते त्या व्रणातून आलं. पट्टीने कॅन्सर होत नाही."

"पण झाकलं मी."

धाकटीला 'नाही' म्हणता आलं असतं. ती म्हणाली, "झाकलंस. त्यामुळे उशीर झाला. ते खरंय, ताई."

ताईला रडू आलं. पण तोंडावर पाण्याचा हबका मारावा तसं ते रडणं होतं. त्यानंतर डोळे स्वच्छ झाले. कुणी नुसतं 'तुझी काही चूक नाही' म्हणालं असतं तर ती तशीच कुढत घरी गेली असती. जुन्या कापडावर रफू करायला घेतलं की आधी कुजका भाग चांगल्या दोऱ्यापर्यंत कापावा लागतो, नाहीतर नवं विणलेलंही फाटत जातं, हे ती प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत आली होती. नवऱ्याच्या पायापुरतं तेवढं ती विसरली होती.

इस्पितळात फुंकर भिंतीकडे तोंड करून पडला होता. ताईने स्टूल ओढलं आणि पायाशी बसली.

"अहो, लघवीला निघाला होता का?"

"हो."

"दारातनं?"

फुंकर चादरीचा काठ बोटांनी चोळत म्हणाला, "तुला किळस येते ते मला कळतंय. तू बाहेर उभी राहा, माझं काही म्हणणं नाही. पण हाक ऐकू येईल एवढ्यावर उभी राहा."

"किळस?" ताई ओरडलीच. शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्याने मान वळवली. "वर्षभर पू पुसला तेव्हा नाही आली ती आता येईल? मला माझी किळस आली होती! मी ती पट्टी चहात रंगवली. मी झाकलं. डॉक्टरांना दिसलं असतं तर एवढे महिने गेले नसते, एवढं कापावं लागलं नसतं. मला वाटलं, माझा हातच वाईट, तो लांब ठेवावा."

फुंकर तिच्याकडे वळला. "पट्टी चहात कुणी बुडवली?"

"मी."

"आणि रंग जुळतो का बघायला पाय कुणी पुढे केला होता? 'अजून जरा काळी कर' कोण म्हणालं होतं?"

ताईने पदराने नाक पुसलं.

"मला काय भोळा समजतेस? मला भट्टी सोडायची नव्हती. मी तुझ्या हुशारीच्या आड लपलो. आता अर्धं पाप माझं मला दे बघू. तू एकटीने सगळं घेऊन बसलीस, हा कुठला न्याय?" असं म्हणून तो हसायला लागला. मग त्याने तोंडावर पालथा हात धरला. ताईने त्याचा डावा पाय, धडका पाय, दोन्ही हातांत घट्ट धरला.

त्यानंतर ताईने जागा सोडली नाही. सिस्टरच्या शेजारी बसून ती जखम पुसायला शिकली, म्हणजे आपली पद्धत विसरून त्यांची शिकली. आता तिचं काम झाकायचं नव्हतं, बघायचं होतं. रंग कसा आहे, काठ कसे आहेत, वास आहे का, सगळं ती डॉक्टरीणबाईंना न विचारता सांगे. खालचं मांस हळूहळू लाल, दाणेदार दिसू लागलं. "खालच्या बाया कामाला लागल्या," ताई म्हणाली. डॉक्टरीणबाईंना ते कळलं नाही, पण त्यांनी मान हलवली आणि दुसऱ्यांदा कातडी लावायचा दिवस ठरवला.

त्या ऑपरेशननंतर फुंकर दगडासारखा पडून राहिला. त्याच्या तळपायावर ताईचा हात असे. झोपेत पाय जरा हलला की हात दाबे. त्याला कंटाळा आला की ती त्याला गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगे. फक्त तो एक किस्सा तिने पुन्हा कधी सांगितला नाही.

पट्टी उघडायच्या दिवशी धाकटी कामावरून रजा काढून आली. डॉक्टरीणबाई थर उलगडत गेल्या. मग शेवटचं जाळीदार कापड उचललं. खालची कातडी जागच्या जागी होती. डॉक्टरीणबाईंनी तिच्यावर बोट दाबलं. जागा पांढरी झाली. बोट काढलं. पुन्हा गुलाबी झाली.

"रक्त खेळतंय," त्या म्हणाल्या. "धरली."

"कोणी धरली हो?" फुंकरने विचारलं. त्याला अशा वेळीही नीट माहिती हवी असे.

धाकटीने ताईकडे बघितलं. "त्यांनीच, खालच्या बायांनी," ती म्हणाली. ताई तिथेच, सिस्टर, डॉक्टर, शेजारचा म्हातारा, सगळ्यांच्या देखत मोठ्याने रडली.

पाय वाचला. घरी आल्यावर काही दिवस पट्टी करावी लागली. मग डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आता काही बांधायचं नाही, फक्त तेल लावायचं आणि महिन्यातून एकदा दाखवायला यायचं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ताई कोमट पाणी आणि पट्ट्यांचा डबा घेऊन हजर. फुंकरने पाय पुढे केला. गुलाबी, चकचकीत, मधे खड्डा पडलेला, ठिगळासारखा दिसणारा पाय.

"अगं, जखम संपली," तो म्हणाला.

"हो, माहितेय मला," ताई म्हणाली आणि डबा मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली. पाणी गार झालं. मग तिने डबा उचलून फळीवर ठेवला आणि सुई-दोरा घेऊन एका गिऱ्हाइकाचा कोट पुढे ओढला.

कारखान्याची वार्षिक तपासणी पुन्हा आली. फुंकर आता पुन्हा भट्टीवर जाऊ लागला होता, पण अर्धा वेळ. तपासणीच्या आदल्या दिवशी तो घरात उगाच इकडून तिकडे फिरत होता.

"पँटच घालतो," तो म्हणाला. "विचारलं तर दाखवीन. उगीच कशाला? हा पाय बघून पॅकिंगला टाकतील कायमचं."

"टाकू देत," ताई म्हणाली. "दोन पायांवर उभे राहून पॅकिंग करा."

"तुला सांगायला काय जातंय?"

ताईने त्याची ठेवणीतली पँट काढली. त्या पँटला खिशापाशी एक आणि गुडघ्यापाशी एक, अशी दोन रफू होती आणि ती कुठे होती ते आता तिलाही शोधावं लागलं असतं. चांगल्या कापडाला ताईने जन्मात कधी कात्री लावली नव्हती. तिने पँट टेबलावर पसरली, उजवा पाय सारखा केला, गुडघ्याच्या जरा खाली खडूची रेघ ओढली आणि कापून टाकला.

फुंकर बघतच राहिला. "अगं, अगं! चांगली पँट ती!"

"आत गेलात की खुर्चीवर बसायचं आणि पाय पुढे करायचा," ताई म्हणाली. "विचारायची वाट बघायची नाही. हात लावून बघा म्हणायचं. काठ चाचपा म्हणायचं. त्यांनी नाही चाचपले तर मी आत येईन, मी बाहेरच उभी असेन. हाक ऐकू येईल एवढ्यावर."

मग तिने कापलेला काठ हातात घेतला, दोरे सुटू नयेत म्हणून तो दोनदा आत दुमडला आणि दिव्याजवळ सरकून शिवायला बसली.